पावणेदोन मिलिमीटर

बो बासें,
३ मार्च १९८१

मामा, पाया पडते.

तुम्ही आईजवळ निरोप ठेवलात, की चिट्ठी लिहायची तर मराठीतच, फ्रेंच कागद घरात आला तर आल्या पावली परत जाईल. म्हणून शाळेतली जुनी वही समोर घेऊन बसले आहे. चुका दिसल्या तर हसू नका.

काम असं आहे. रोझ हिलच्या ज्या स्टुडिओत मी सहा वर्षं होते, त्याचे मालक म्स्यू आर्मां जानेवारीत मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, कायमचे. स्टुडिओच्या जागी आता कापडाचं दुकान झालंय. जाताना त्यांनी कपाटातून आपलं लांब भिंग काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. जर्मन आहे, माझ्यापेक्षा वयाने मोठं. म्हणाले, "तिकडे मी नातवंडांचेच फोटो काढणार. ती मांडीवर असतात, त्यांना लांबचं भिंग कशाला?" हसत म्हणाले, पण चेहरा दुसरीकडे वळवला.

त्यांचा कॅमेराही दिला, पण तो निकामी झालाय आणि त्याचे भाग आता कुठे मिळत नाहीत. मी एका मास्तरांकडून जपानी कॅमेरा घेतला. चांगला आहे, पण म्स्यू आर्मांचं भिंग त्यावर बसत नाही. जुन्याच्या खाचा वेगळ्या, नव्याच्या वेगळ्या. पोर्ट लुईच्या दुकानात विचारलं, तर माणूस म्हणाला, "मादमुआझेल, ते शोकेसमध्ये ठेवा."

तुम्ही साखर कारखान्यात, तुमच्या त्या लिझिनमध्ये, तीस वर्षं लेथ चालवलाय. मध्ये बसणारी एक कडी कातून द्याल का? एका बाजूला जर्मन भिंग अडकेल आणि दुसऱ्या बाजूला जपानी कॅमेरा, अशी. नमुन्याला नव्या कॅमेऱ्याचं छोटं भिंगही पाठवते. त्याच्या पाठीवरच्या तीन पाकळ्या बघून खाचा कळतील. दोन्ही भिंगं तुमच्या सुरिनाम गावाच्या बसवरच्या हरिलाल कंडक्टरच्या हाती देते, तो बसमध्ये मांडीवरून खाली ठेवणार नाही.

आई म्हणते, लग्नांचे आणि शाळांचे फोटो काढून कुणाचं भलं झालंय? ऑगस्टपर्यंत तिने मला मुदत दिली आहे. मग सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा धरायची.

मामीला नमस्कार.

तुमची,
इंद्राणी


सुरिनाम,
१८ मार्च १९८१

इंद्राणी पोरी,

तुझी चिट्ठी आली, पेटीही आली. तुझं मराठी वाईट नाही. 'भिंग' शब्द वाचून बरं वाटलं. आमच्या बैठकेतले, गावच्या मराठी शाळेतले, गुरुजी चष्म्याला भिंग म्हणायचे, त्यानंतर तो शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

भिंग पाहिलं. ज्या जर्मनाने ते पितळ कातलं त्याला माझा सलाम सांग. त्याच्यावरचं कडं फिरवलं तर कुठे अडत नाही, कुठे ढिलं पडत नाही. पण पोरी, आम्हीही काही कमी नाही. कारोल सिक्लोनच्या, त्या मोठ्या वादळाच्या, वर्षी रोलरखालचं पितळी बेअरिंग फुटलं. नवं फ्रान्सहून यायला तीन महिने लागणार होते. शेतात ऊस उभा. मी पाच दिवसांत कातून बसवलं. बडा इंजिनियर, गोरा माणूस, सगळ्यांच्या देखत त्याने टोपी काढली. तुझी कडी म्हणजे त्या बेअरिंगचं नातवंड.

लिझिनमध्ये सध्या फार काम आहे. ऊस जूनमध्ये येईल, त्याआधी सगळी यंत्रं उघडून पडलीत. मला श्वास घ्यायला फुरसत नाही. तरी तुझ्यासाठी वेळ काढतो. महिन्याभरात कडी मिळेल.

माझ्या बहिणीला सांग, टायपिस्ट पुष्कळ आहेत.

तुझा मामा,
तुलसीराम


बो बासें,
१२ एप्रिल १९८१

मामा, पाया पडते.

कडी मिळाली. हरिलालने दोन्ही भिंगांबरोबर ती रुमालात बांधून आणली होती. रुमाल सोडला आणि मी नुसती बघत बसले. एवढी पातळ, एवढी गुळगुळीत! भिंगावर चढवली, कॅमेऱ्यावर फिरवली, आणि 'कट्' आवाज झाला. तो आवाज मी आईला बोलावून चार वेळा ऐकवला. चौथ्या वेळी ती म्हणाली, "कळलं, तुलसी माझाच भाऊ आहे."

पण मामा, एक गोष्ट आहे आणि ती कशी लिहावी कळत नाही. जवळचं लख्ख दिसतं. अंगणातला पेरू, त्याच्यावरची मुंगीसुद्धा. बारा-तेरा पावलांपलीकडे मात्र सगळं धूसर होतं. कडं शेवटपर्यंत फिरवलं तरी धूसरच. घरासमोरचा कोर द गार्द डोंगर तर लोण्याचा गोळा वाटतो. लांबचं भिंग, आणि त्याला लांबचंच दिसत नाही.

तुमच्या कामात चूक आहे असं मी म्हणत नाही. पण काहीतरी आहे.

इंद्राणी


सुरिनाम,
२६ एप्रिल १९८१

इंद्राणी,

तुझी चिट्ठी दोनदा वाचली.

कडीत चूक नाही. ती मोजून केली आहे. जाडी सगळीकडे एक मिलिमीटर, फरक काढायचा तर तुला शतांशात शोधावा लागेल आणि सापडणार नाही. भिंग बसलं, फिरलं, अडकलं. कडीने करायचं ते केलं. पुढे धूसर दिसत असेल तर भिंग तपास. सत्तावीस वर्षं जुनं आहे. नाहीतर डोळे तपास, रोझ हिलमध्ये डॉक्टर आहेत.

तीस वर्षांत माझं काम कुणी परत पाठवलेलं नाही.

तुलसीराम


बो बासें,
१० मे १९८१

मामा, पाया पडते.

तुम्ही रागावलात. रागवा, पण हे वाचा.

मी डोळे तपासले नाहीत, भिंग तपासलं. म्स्यू आर्मांचा मोडका कॅमेरा कपाटातून काढला, त्यावर भिंग लावलं, मागे तेलकट कागद ताणून धरला. डोंगर सुईसारखा स्पष्ट. म्हणजे भिंग ठीक. मग तुमच्याच शाळेतली गोष्ट केली, मोजलं. पॉलिटेक्निकमधल्या सरांनी खोली मोजायचं साधन दिलं. भिंग जिथे टेकतं तिथपासून फिल्मपर्यंत जुन्या कॅमेऱ्यात ४४.७० मिलिमीटर भरतात, जपानी कॅमेऱ्यात ४५.४६. म्हणजे कडी नसती तरी भिंग फिल्मपासून शहात्तर शतांश लांब पडलं असतं. त्यात कडीचा एक मिलिमीटर. लांबचं बघायला भिंगाला मागे यायचं असतं, आणि मागे यायला जागाच उरत नाही.

तुमची कडी अगदी बरोबर आहे. मागितली मी चूक.

आता एकच उपाय आहे. कडी जिथे टेकते, ती भिंगाची पाठ एक पूर्णांक शहात्तर मिलिमीटर खाली न्यायची. पावणेदोन, वर केसभर. सर म्हणाले, जास्त कापलं गेलं तर पातळ पत्रा घालून भागवता येतं, पण तिरपं कापलं गेलं तर औषध नाही. फोटोची एक बाजू स्पष्ट येईल आणि दुसरी कायमची धूसर.

आणि एकदा कापलं की ते म्स्यू आर्मांचं भिंग राहणार नाही. ते पुन्हा कुठल्याही जुन्या कॅमेऱ्यावर बसणार नाही. मी त्यांना विचारायला आठवड्यापूर्वी पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही.

घाई का ते सांगते. पोर्ट लुईच्या एका साप्ताहिकाला फोटोग्राफर हवा आहे. मी माझे फोटो घेऊन गेले. संपादकांनी सगळे पाहिले, एकेक खाली ठेवला आणि म्हणाले, "नवऱ्या मुली छान काढता. १६ ऑगस्टला माएबूरला पिरोगांची, शिडाच्या होड्यांची, शर्यत आहे. मला एक फोटो आणा, ज्यात पुढच्या होडीच्या शिडावरचा नंबर वाचता येईल. मग बोलू." बाकीचे फोटोग्राफर लाँच भाड्याने घेऊन होड्यांच्या जवळ जातात. मी विचारलं तर म्हणाले जागा नाही. लाँच रिकामी जाते, हे मला ठाऊक आहे. मला किनाऱ्यावरूनच काढायचाय.

भिंग, कडी आणि या वेळी कॅमेराही पाठवते. कापायचं की नाही ते तुम्ही बघून ठरवा. दुसऱ्या कुणाला मी त्याला हात लावू देणार नाही.

इंद्राणी


सुरिनाम,
७ जून १९८१

इंद्राणी पोरी,

उत्तराला उशीर झाला. तुझे आकडे मी तपासले, बरोबर आहेत. मी रागाने लिहिलं ते विसर. मोजून बोलणाऱ्यावर रागावायचं नसतं.

मागचं कडं भिंगापासून सोडवलंय. चार बारीक स्क्रू होते. काच कापडात गुंडाळून तुझ्या मामीने तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. कापायचं ते फक्त पितळाचं कडं. पण ऊस सुरू झाला, लिझिनचा लेथ मोकळा मिळत नाही, तेव्हा

इंद्राणी, इथवर तुझे मामा सांगत होते. आता ते कोंबड्या बघायला बाहेर गेलेत, तर मी माझं लिहिते. मी भगवती, मामी. सगळ्या चिट्ठ्या माझ्याच हातच्या आहेत. ते बोलतात, मी लिहिते. मला फ्रेंच येत नाही, बैठकेतलं मराठी येतं, वाचणार-लिहिणार मीच, म्हणून तुला मराठीत लिही म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

मामांचा उजवा हात दीड वर्षापासून थरथरतो. आधी चहाचा कप वाजायचा. मग लिझिनमध्ये दोन कामं बिघडली. कुणी बोललं नाही, पण ते स्वतःच साहेबाकडे गेले आणि चावी ठेवून आले. साहेबाने जाताना भंगारातला जुना पायलेथ दिला, शिवणयंत्रासारखा पायाने चालवायचा. तो मागच्या खोलीत आहे. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तुझी पेटी आली तेव्हा कित्येक महिन्यांनी ते हसले. मग लेथवर उभे राहिले, पायाने तो मी चालवत होते, आणि पहिलंच पितळ वाया गेलं. दुसरंही. तिसऱ्या वेळी ते हत्यार टाकून खाली बसले. मी म्हटलं, पाय तर माझाच चालतोय, हातही माझा घ्या. तुम्ही फक्त सांगा.

तुझी कडी मी केली, इंद्राणी. चौदा तुकडे खराब केले, पंधरावा पाठवला. तू लिहिलंस की आवाज चार वेळा ऐकवला, ते मी त्यांना वाचून दाखवलं आणि मग पुन्हा एकटीने वाचलं.

पण पितळाचा तुकडा खराब झाला तर दुसरा मिळतो. तुझ्या भिंगाचं कडं एकच आहे. ते म्हणतात, तू करशील. मला धीर होत नाही. कुणाचा हात आहे हे तुला कळल्याशिवाय मी ते कापणार नाही. आता कळलंय. नको म्हणालीस तर जसंच्या तसं जोडून पाठवते, मनात काही ठेवणार नाही. मामांना यातलं कळू देऊ नको.

भगवती


बो बासें,
१४ जून १९८१

मामा, पाया पडते.

लेथ मोकळा मिळेल तेव्हा करा. मी थांबते. तुमची तब्येत सांभाळा, मामीला नमस्कार.

इंद्राणी

(हा दुसरा कागद तुझ्यासाठी, मामी. वरचा वाचून दाखव, हा ठेव.)

मामी,

तुझी चिट्ठी मी बसस्टॉपवर उघडली आणि बस सोडून दिली.

आई मला लहानपणी सांगायची, भगवतीच्या दालपुऱ्या बघ, दिव्यासमोर धरल्या तर सगळीकडून सारखा उजेड येतो. मला वाटायचं, नणंद-भावजयीत एवढं कौतुक कुठून येतं. आता ती कडी आठवते तेव्हा कळतं. पॉलिटेक्निकच्या सरांनी ती मोजली होती. ते म्हणाले, हे काम शिकवायला मला चार वर्षं लागतात. मी म्हटलं, माझ्या मामांनी केलंय. खोटं बोलले मी. मला माहीत नव्हतं.

म्स्यू आर्मांचं उत्तर कालच आलं. दोनच ओळी आहेत. 'काच सांभाळ. बाकी सगळं लोहारकाम आहे.' मामी, काच तू तांदळाच्या डब्यात सांभाळली आहेस. बाकीचं कर.

तुझा हात आहे हे कळल्यावर मला भीती वाटली का, हे मी स्वतःला खरंखरं विचारलं. वाटली. पण ती कुणाचाही हात असता तरी वाटलीच असती. काप, मामी.

इंद्राणी


सुरिनाम,
१९ जुलै १९८१

इंद्राणी पोरी,

पाकिटात दोन कागद होते. तुझ्या मामीने एकच वाचला आणि दुसरा पदराआड धरला. चाळीस वर्षं संसार केलाय, कागद मोजता येतात मला. तिला म्हटलं, दुसराही वाच. ती आधी रडली, मग वाचला. 

म्हणून आता सरळ सांगतो. हात गेला. मी लपवलं, कारण माझ्याजवळ तोच एक होता. ही वाक्यं मी सांगतोय आणि ती लिहितेय, आणि ती मध्ये थांबली तर मी ओरडतो, की लिही, सगळं लिही.

आता कामाचं ऐक.

कडं लेथवर बांधायलाच एक दिवस गेला. चिमट्यात धरलं तर चेपेल, म्हणून लाकडाचा साचा केला आणि त्यात ते बसवलं. घड्याळासारखं काट्याचं मापक लावून बघितलं, फिरताना कुठे डुलत नाही ना. डुलत होतं. पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. पाच वेळा. मी म्हटलं पुरे, ती म्हणाली अजून एकदा.

मग कापणं. मी शेजारी स्टुलावर बसलो, हात मांडीखाली दाबून. मी 'घे' म्हटलं की ती घ्यायची, 'थांब' म्हटलं की थांबायची. पण दुसऱ्या दिवशी मी 'घे' म्हटलं आणि तिने घेतलं नाही. म्हणाली, "पायाला जड लागतंय." मी म्हटलं, पायाला काय कळतं? तिने हत्यार मागे घेतलं, बघितलं, तर टोक बोथट झालं होतं. तिने कापलं असतं तर कडं ओरबाडलं गेलं असतं. पोरी, ते मला माझ्या कानाने ऐकू यायला हवं होतं. तिला पायाने कळलं. तीस वर्षांत मी जे शिकलो त्यापलीकडचं ती चार महिन्यांत शिकली. मी सांगतोय, ती हे लिहायला तयार नाही. लिही, भगवती.

दीड मिलिमीटरपर्यंत लेथवर नेलं. उरलेलं हाताने. खिडकीची जाड काच आडवी ठेवली, तिच्यावर बारीक पॉलिश कागद आणि तेल, आणि त्यावर कडं आठाच्या आकड्यात फिरवायचं. दहा फेऱ्या, पुसायचं, मोजायचं. चार ठिकाणी मोजायचं. तीन दिवस. शेवटच्या दिवशी चारही ठिकाणी एक पूर्णांक शहात्तर भरलं. मायक्रोमीटर मी तिच्या हातून घेतला, पण माझ्या हातात आकडा नाचत होता, तेव्हा तिनेच पुन्हा मोजून मला वाचून दाखवला.

आज सकाळी सगळं जोडून समुद्रावर गेलो. तू सांगितलंस तसा कॅमेऱ्याच्या पाठीला तेलकट कागद लावला, आणि मामीने डोक्यावरून पदर ओढून अंधार केला. खडकांवर लाटा फुटत होत्या, खूप दूर, ते पांढरं दिसतं तिथे.  मी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, "समुद्र उलटा आहे. पण थेंब मोजता येतील."

मग मी बघितलं. डावीकडे, उजवीकडे, चारही कोपरे बघितले. कुठेही तिरपं नाही.

हरिलाल उद्या घेऊन येईल.

तुझा मामा,
तुलसीराम


बो बासें,
२५ ऑगस्ट १९८१

मामा, मामी, दोघांच्या पाया पडते.

सोबत साप्ताहिक पाठवते आहे. पहिलं पान बघा, मग चिट्ठी वाचा.

बघितलं? आता सांगते.

सोळा तारखेला मी सकाळी सहाच्या बसने माएबूरला गेले. वारा एवढा होता की किनाऱ्यावरच्या मिठाईवाल्यांची छपरं उडत होती. फोटोग्राफर लाँचमध्ये चढत होते. त्यांतला एक, यशपाल नावाचा, माझ्या भिंगाकडे बघून म्हणाला, "हे काय, तोफ आणलीस?" दुसऱ्याने कडी बघितली, म्हणाला, "आणि तोफेला पितळी बांगडी." सगळे हसले. मी धक्क्याच्या टोकाला गेले आणि एका मच्छीमाराच्या पेटीवर उभी राहिले.

शर्यत सुरू झाली आणि पिरोग एकदम बाहेर गेल्या. वळणाच्या तरंगत्या पिंपाजवळ लाँच पुढे होती, पण लाटांवर अशी आपटत होती की तिच्यावरची माणसं कठडा धरूनच उभी. होड्या वळल्या. पुढे दोन होत्या, एकमेकींना घासत. सात जणांची होडी एका अंगावर कलली आणि तोल सांभाळायला तिघं जण दोर धरून पाण्यावर बाहेर लटकले. मी कडं शेवटपर्यंत फिरवलं. ते जिथे थांबलं, तिथे सगळं होतं. मामी, शिडाची शिवण दिसत होती. लटकलेल्यांपैकी एकाच्या तोंडात दोर होता, तो दिसत होता. मी आठ फोटो घेतले आणि फिल्म संपली.

संपादकांनी ओला फोटो खिडकीजवळ धरला आणि नंबर मोठ्याने वाचला. "सतरा." मग शिडावरून बोट खाली नेलं आणि म्हणाले, "याच्या तोंडात दोर आहे." मग बसले. लाँचवरच्या लोकांचे फोटो टेबलावर होते, सगळे हललेले.

सोमवारपासून मी कामावर जाते. दारावर माझं नाव नाही, पण फोटोखाली आहे. आईने पान कापून देवघराशेजारी लावलंय, आणि टायपिस्टच्या जागेचा अर्ज तिने स्वतःच चुलीत घातला. मला न विचारता.

संपादकांनी विचारलं, भिंग कुठलं? मी म्हटलं, काच जर्मन, कॅमेरा जपानी, आणि दोघांचं लग्न सुरिनाममध्ये लागलं. यशपाल तिथेच होता. हळूच म्हणाला, त्याच्याकडेही वडिलांची दोन भिंगं पडून आहेत. मी त्याला पत्ता देऊ का? मामा, तुमच्या परवानगीशिवाय देणार नाही. काय सांगू, कुणाचं नाव सांगू, ते तुम्हीच ठरवा.

इंद्राणी


सुरिनाम,
२० सप्टेंबर १९८१

इंद्राणी,

ही चिट्ठी माझी आहे. कुणी सांगत नाही, मी माझीच लिहिते.

तुझं पान आलं त्या दिवशी तुझे मामा ते घेऊन चालत लिझिनच्या फाटकापर्यंत गेले. चावी ठेवली त्या दिवसानंतर ते तिकडे फिरकले नव्हते. पाळी सुटायच्या वेळी गेले. सगळ्या माणसांना दाखवलं. कुणीतरी म्हणालं, "तुलसी, हात गेलेला नाही तर!" त्यांनी हात वर केला, थरथरत होता तसाच, आणि म्हणाले, "हा गेला. घरी दुसरा आहे." हे मला त्यांनी नाही सांगितलं, तिथल्या पुष्पाने येऊन सांगितलं.

मामांनी हरिलालकडून तुला होकार कळवला, कुणाचं नाव ते सांगायचं राहून गेलं, आणि यशपालची भिंगं आली. पेटीत फ्रेंच चिट्ठी होती, मामांनी वाचली. 'म्स्यू पांडू, टर्नर' असं वर लिहिलं होतं आणि आत बरंच गोड लिहिलं होतं, तुमचा हात असा, तुमची नजर अशी. मी म्हटलं, असू दे, काम तर आहे. मामा म्हणाले, "असू दे कसं?"

मग ते मेजावर बसले आणि स्वतः लेखणी उचलली. मी म्हटलं, तुम्ही सांगा, फ्रेंच अक्षरं मी बघून बघून काढीन. त्यांनी ऐकलं नाही. तीन ओळी लिहायला अर्धा तास लागला. अक्षरं नाचली, ओळ खाली उतरली, एका ठिकाणी शाई सांडली. मी दुसरा कागद पुढे केला तर तो बाजूला सारला. म्हणाले, "असाच जाऊ दे. वाचेल तो." काय लिहिलंत विचारलं तर वाचून दाखवलं. 'भिंगं पोचली. म्स्यू कापत नाहीत, म्स्यू फक्त बोलतात. कापते ती मादाम, तेव्हा पत्ता दुरुस्त करावा.' आणि खाली सही. दीड वर्षात केलेली पहिली सही.

मला वाटलं, आता तो भिंगं परत मागेल. बाईमाणसाकडे कोण देतं?

काल दुपारी मी मागे तांदूळ निवडत होते. फाटकाशी मोटार थांबली. उंच माणूस उतरला, खांद्याला कॅमेरा, हातात आणखी एक पेटी. मामा ओट्यावर होते. त्याने टोपी काढली, यशपाल म्हणून नाव सांगितलं आणि विचारलं, "मादाम पांडू आहेत का?"

तुझ्या मामांनी आत बघून अशी हाक मारली की शेजारच्या दोन घरांतली माणसं दारात आली.

"भगवती! तुझं गिऱ्हाईक आलंय!"

तुझी मामी,
भगवती